मागच्या दाराची किल्ली

सव्वीस वर्षं या बारा खाटांच्या दवाखान्यात,
खानापुरात, मलप्रभेच्या पुलापासून हाकेवर,
मी बाळंतपणं केली आणि कागद केले.
कागद जास्त.

कन्नड मला शाळेनं नाही, फॉर्मांनी शिकवली.
टाक्याच्या सुईसारखी वळणारी अक्षरं.
पहिला शब्द नीट जमला तो
अन्वयिसुवुदिल्ल.
लागू नाही.
लिफ्ट आहे का? बॉयलर आहे का? तळघर?
अन्वयिसुवुदिल्ल, अन्वयिसुवुदिल्ल.
डॉक्टर बिर्जे म्हणायचे, मालन, याचा शिक्काच करून घेऊ की.
खरं नको, त्या शिक्क्याचीही परवानगी मागतील.

वर्षातून अकरा वेळा साहेब यायचे, अकरा कारणांनी.
आगीचे, कचऱ्याचे, सोनोग्राफीचे, औषधांचे.
वजनमापाचे तर बाळाच्या काट्यावर
स्वतःची बॅग ठेवून बघायचे.
प्रत्येकाला टाकी दाखवायची.
जिना चढ, झाकण उघड, झाकण लाव.
आत तेच पाणी.
चहा मात्र दर वेळी नवा.

आणि ते मागचं दार.
नदाफसाहेब म्हणाले, उघडं ठेवा, आग लागली तर?
हिरेमठसाहेब म्हणाले, बंद ठेवा, उंदीर येतात.
दोघांचंही बरोबर. दोघांचीही सही, तारीख, शिक्का.
मी किल्ली खिळ्याला अडकवली.
मंगळवारी कडी काढली,
शुक्रवारी घातली.

एका रात्री जांबोटीकडची एक बाई आली,
जीपमध्ये आडवी, चादर भिजलेली.
लाईट गेली.
अकराही रजिस्टरं पूर्ण होती त्या रात्री,
पानांना नंबर, समासात लाल रेघ.
डिझेल नव्हतं.
टॉर्च दातात धरून मी उभी राहिले,
डॉक्टरांचा हात दिसेल एवढाच उजेड.
बाई वाचली. मुलगी वाचली.
माझ्या दातांत अजून कधी कधी
त्या टॉर्चची पितळी चव येते.
ते कुठं लिहू, असं रकाना शोधत बसले सकाळी.
नव्हता.

मग यंदा आदेश आला:
सगळे एकाच दिवशी, एकच यादी,
कन्नडात, खाली मराठीतही.
मी ती दोनदा वाचली. आधी मराठी वाचली,
मग सवयीनं कन्नड.

एकाच जीपमधून उतरले चौघं.
टाकी एकदाच उघडली.
मागच्या दारापाशी मात्र
नदाफ आणि हिरेमठ समोरासमोर आले,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
उघडं. बंद. उघडं. बंद.
मी बाजूला सरले.
इतकी वर्षं त्या दोघांच्या मधे मी होते,
आज नुसतं दार होतं.
शेवटी ठरलं: आतून ढकललं की उघडेल अशी दांडी,
खाली रबराची पट्टी.
साडेतीन हजारांचं काम.

चौथी होती एक पोरगी, पट्टणशेट्टी आडनावाची,
नवीनच लागलेली, पायात साध्या चपला.
तिनं यादी घडी करून काखेत धरली आणि विचारलं,
मेन स्विच कुठं आहे?
वॉर्मर त्या दिवशी रिकामा होता.
तिनं स्विच पाडला आणि घड्याळ बघितलं.
कुणी बोललं नाही.
बाहेर पेरूच्या झाडावर खारूताई किरकिरत राहिली.
जनरेटर धरायला त्रेचाळीस सेकंद लागले.
मी तोवर श्वास घेतला नव्हता.
तिनं समासात पेन्सिलीनं लिहिलं: ४३.
खाली: कमी करा.

आता दहा दिवस वाचले माझे.
पहिल्या दिवशी मी झोपले.
दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या बाईपाशी बसले,
तिची पहिलीच खेप, उगीच घाबरत होती.

खरं सांगू?
साहेब यायचा म्हणून तरी
फरशी दोनदा पुसली जायची.
आता जीप एकदम पुढच्या वर्षी.
काल संध्याकाळी पिवळी पिशवी मीच बांधली,
रोझामेरी रजेवर होती.
गाठ बघायला कोण येणार नव्हतं.
सोडली, पुन्हा बांधली,
घट्ट.